ट्रकच्या दारावरचा इतिहास : सातारा-सांगलीचे मालट्रक आणि त्यांचा मूळ रंग

ताम्रपट हाती आला तर तो चिंचेने घासून लखलखीत करू नये, हे इतिहासाची आवड असलेल्या तरुणाला आता सांगावे लागत नाही. नाण्यावरचा हिरवट थर खरवडू नये, वीरगळाला ऑइल पेंट फासू नये, मोडी कागदाला चिकटपट्टी लावू नये, एवढे भान आपल्या पिढीत पुष्कळ रुजले आहे. हेच भान पन्नास-साठ वर्षांच्या मालट्रकपाशी मात्र हरवते. गंजलेला, रंग उडालेला ट्रक दिसला की पहिला विचार येतो तो रंगवून घेण्याचा. हा धागा त्या उडालेल्या रंगाविषयी आहे. तो कोणी लावला, त्यावरून काय कळते, तो का नाहीसा होतो आणि राखायचा तर कसा, एवढे प्रश्न येथे घेतले आहेत. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

आधी हे पाहू की रंग बोलतो म्हणजे काय.

समजा, कराडच्या किंवा मिरजेच्या एखाद्या भंगाराच्या आवारात ट्रकचे जुने दार भिंतीला टेकवून ठेवलेले आहे. त्यावर मालकाचे गाव व जिल्हा लिहिण्याची पद्धत असे. त्या ओळीत ‘जि. दक्षिण सातारा’ अशी अक्षरे पुसटशी दिसली, तर अभ्यासकाने तेथेच थांबावे. १९४८ साली सांगली, औंध, मिरज आदी संस्थाने विलीन झाली. १९४९ साली मोठ्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग पडले : उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. दक्षिण साताऱ्याचे मुख्य ठाणे सांगली. १९६० च्या नोव्हेंबरात दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले व उत्तर सातारा नुसता सातारा झाला. ‘दक्षिण सातारा’ हे नाव जेमतेम अकरा-बारा वर्षे जगले. त्या नावाचे दार म्हणजे त्या अकरा-बारा वर्षांचा दाखला. लिहिणाऱ्याच्या सवयीमुळे तो काळ थोडा पुढे सरकेल, पण मागे सरकणार नाही.

नोंदणी क्रमांकाचेही तसेच. आजचे एमएच-११ म्हणजे सातारा आणि एमएच-१० म्हणजे सांगली ही पद्धत १९८९ नंतरची. त्यापूर्वी तीन अक्षरे आणि चार आकडे असत. महाराष्ट्र राज्य झाल्यावर ती अक्षरे ‘एम’ने सुरू होऊ लागली, त्याआधीच्या मुंबई राज्यात ‘बी’ने. पाटी बदलते, हरवते. परंतु तोच क्रमांक केबिनच्या बाजूला आणि मागच्या फाळक्यावर ब्रशने लिहिलेला असतो आणि नव्या रंगाखालीही त्याचा उंचवटा बोटाला लागतो.

तिसरा पुरावा कपाळावरचा. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात मालवाहू गाड्यांचे दोन वर्ग होते. भाड्याने दुसऱ्याचा माल नेणारी ती ‘पब्लिक कॅरियर’ आणि स्वतःच्याच धंद्याचा माल नेणारी ती ‘प्रायव्हेट कॅरियर’. १९८८ च्या कायद्याने, म्हणजे १ जुलै १९८९ पासून, हा भेद मोडला. पुढे ‘गुड्स कॅरियर’ हे शब्द आले. म्हणून एखाद्या दारावर ‘प्रायव्हेट कॅरियर’ लिहिलेले आढळले तर ती गाडी एखाद्या कारखान्याची, पेढीची किंवा संघाची असावी, आणि ते अक्षर जुन्या कायद्याच्या काळातले, असा तर्क करता येतो. ‘पब्लिक कॅरियर’चा भरवसा मात्र तेवढा धरू नये. पेंटर मंडळींनी ते शब्द कायदा गेल्यावरही वर्षानुवर्षे सवयीने लिहिले, आणि अजून लिहितात. येथे साधन-चिकित्सेचा जुनाच नियम लागू पडतो : शब्द सर्वात आधी केव्हा शक्य झाला हे निश्चित सांगता येते, शेवटचा केव्हा लिहिला गेला हे नाही.

१९८९ च्या केंद्रीय नियमांनी तर रंगच ठरवून दिला. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीचा हौदा वाळलेल्या पानाच्या तपकिरी रंगाचा असावा, कडेला तीस सेंटिमीटर रुंदीचा पांढरा पट्टा असावा आणि वर्तुळात ‘नॅशनल परमिट’ लिहावे, असा तो नियम. हमरस्त्यावर लहानपणी पाहिलेल्या त्या तपकिरी ट्रकांचा रंग कोणाच्या आवडीचा नव्हता, तो राजपत्रातून आला होता. खरवडताना असा तपकिरी थर लागला की त्या गाडीने राज्याबाहेरचे रस्ते पाहिले होते, हे जवळजवळ सिद्ध होते.

आणि देवाचे नाव! हे मला व्यक्तिशः सर्वात मोलाचे वाटते. काचेच्या वर ‘श्री काळूबाई प्रसन्न’ असेल तर वाईजवळच्या मांढरदेवीकडे पाहावे. ‘यमाई’ असेल तर औंधाकडे. ‘सिद्धनाथ’ असेल तर म्हसवड किंवा खरसुंडी. ‘शंभू महादेव’ असेल तर शिखर शिंगणापूर. ‘खंडोबा’ असेल तर पालीचा की जेजुरीचा हे बाकीच्या मजकुरावरून ठरवावे. कुलदैवताच्या नावावरून घराण्याचा माग काढणे ही आपल्या इतिहासलेखनातील जुनी वाट आहे. ट्रक त्या वाटेवर येत नाही असे कोणी ठरवले?

आता ‘मूळ रंग’ म्हणजे कोणता, या प्रश्नाकडे वळू. येथे आपल्याकडची गोष्ट परदेशापेक्षा वेगळी आहे.

अमेरिकेत किंवा युरोपात जुन्या गाडीचा मूळ रंग म्हणजे कारखान्यातून बाहेर पडताना तिच्या अंगावर असलेला रंग. आपल्याकडे बहुतेक ट्रक पूर्ण होऊन कारखान्यातून निघतच नसत. स्वातंत्र्यानंतर मुंबईतील कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून डॉज आणि फार्गो ट्रक येऊ लागले. तो कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचा. त्यांच्याच नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आज सांगलीत आहे. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डायमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार करून जमशेदपुरात टाटा-मर्सिडीज ट्रक काढले. १९६९ साली करार संपला आणि जाळीवरचा तीन टोकांचा तारा जाऊन त्या जागी टाटांचे चिन्ह आले. पण गिऱ्हाइकाला मिळे तो बहुधा नुसता सांगाडा : चेसिस, इंजिन, त्यावरचे बोनेट आणि पुढचा पत्रा. ड्रायव्हर डोक्याला फडके गुंडाळून, उघड्यावर बसून, तो सांगाडा शेकडो मैल हाकत गावाकडे आणी. मग सुतार सागवानी किंवा देशी लाकडाची केबिन उभारी, लोहार पत्रा ठोकी, हौदा बांधला जाई, आणि शेवटी पेंटर येई.

म्हणजे आपल्या ट्रकचे मूळ रंग दोन. नाकावरचा रंग कारखान्याचा, भट्टीत भाजून पक्का केलेला. बाकी सारा रंग कोल्हापूर, सांगली, कराड, सातारा येथल्या बॉडीबिल्डरच्या छपरातला, ब्रशाने लावलेला. पहिल्या रंगाचे नमुने कंपनीच्या दप्तरात असू शकतात. दुसऱ्याची नोंद कोठेही नाही. तो रंग नाहीसा झाला की ती कमळे, ते मोर, ते सूर्योदय, अक्षरांना दिलेली ती तिरपी सावली, हे सारे पुराव्यासकट नाहीसे होते. कारागिराने सही केली असेल तर ती मडगार्डच्या कोपऱ्यात, ‘अमुक आर्ट्स’ एवढीच. आणि तो कोपराच आधी गंजतो.

या दोन जिल्ह्यांत यंत्र आणि रंग यांचा संबंध ट्रकच्याही आधीचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडलच्या माळावर कारखाना वसवला. ते किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. तिकडे सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना लोखंडी नांगर काढी. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते आणि त्यांचा कारखाना पुढे वालचंद समूहाकडे गेला. नांगर विकायचा तर तो रंगवलेला, नाव उठून दिसणारा हवा, हे या कारखानदारांना पक्के ठाऊक होते. कोयना धरणाचे काम, कृष्णाकाठचे सहकारी साखर कारखाने, सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा या साऱ्यांनी पुढे या भागात ट्रकांना काम दिले. कारखाने, धरणे, बाजारपेठा यांचे इतिहास लिहिले गेले आहेत. माल ज्यांनी वाहिला त्या गाड्यांचा इतिहास लिहायला साधने थोडी आहेत, आणि त्यांपैकी एक साधन दरवर्षी रंगाच्या डब्याखाली जाते.

ते का जाते, याचे उत्तर एका शब्दात आहे : पासिंग.

मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र लागते आणि जुन्या गाडीला ते दरवर्षी नवे करून घ्यावे लागते. ब्रेक, दिवे, धूर तपासले जातात. पण आरटीओच्या आवारात गाडी न्यायची ती रंगवून, नटवून न्यायची, ही चाल सर्वत्र पडली. पासिंगच्या आधीचा आठवडा गाडी पेंटरकडे. पॉलिश पेपरने घासाई, खड्ड्यांत लांबी, वर अस्तर, मग रंग. ज्या गाडीचे वीस वेळा पासिंग झाले तिच्या अंगावर वीस थर चढले असते. प्रत्यक्षात तितके सापडत नाहीत, कारण प्रत्येक नवा थर देताना खालचा थोडा थोडा घासला जातो. मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याची गाडी कमावती होती. नव्या रंगाने पत्रा वाचतो, पोलिसाची नजर सौम्य होते, गिऱ्हाईक मिळते. इतिहास राखण्याची जबाबदारी हप्ता फेडणाऱ्यावर टाकणे अन्यायाचे आहे. तेव्हा या धाग्यातला विचार रस्त्यावर धावणाऱ्या गाडीसाठी नाही; जी गाडी थांबली, जिचे कमावणे संपले, तिच्यासाठी आहे.

सरकारी हुकूमही रंग पुसतात. ‘हॉर्न ओके प्लीज’ हे शब्द कोठून आले याच्या दंतकथा पुष्कळ आहेत. युद्धकाळात रॉकेलवर चालणाऱ्या गाड्यांपासून साबणाच्या जाहिरातीपर्यंत. त्यांतील एकीलाही भक्कम पुरावा नाही. परंतु ते शब्द महाराष्ट्रात केव्हा बंद झाले याला पुरावा आहे : २०१५ साली परिवहन आयुक्तांनी परिपत्रक काढून व्यावसायिक वाहनांवर ते लिहिण्यास मनाई केली, कारण त्यामुळे विनाकारण भोंगे वाजवण्यास उत्तेजन मिळते. हेतू योग्यच होता. मात्र पुढच्या काळातल्या अभ्यासकाला २०१५ ही रेघ फाळक्यांवर स्पष्ट दिसेल, ती ज्या फाळक्यांवर शिल्लक असेल त्यांवर.

आता निसर्गाचा हात. सातारा आणि सांगली हे जिल्हे या बाबतीत प्रयोगशाळेसारखे आहेत. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेकडच्या माण, आटपाडी, जत या तालुक्यांत जेमतेम पाचशेच्या आसपास. पाटणच्या खोऱ्यात उभा राहिलेला ट्रक आणि म्हसवडच्या माळावर उभा राहिलेला ट्रक एकाच वर्षी एकाच डब्यातून रंगवले असले, तरी वीस वर्षांनी दोघांची कहाणी वेगळी होते.

पश्चिमेकडे शत्रू पाणी. ते खिळ्याच्या छिद्रातून, पत्र्याच्या दुमडीतून आत शिरते. लाकूड फुगते व आकसते, गंज रंगाखाली पसरतो, आणि वरचा रंग चांगला दिसत असतानाच फोड येऊन पापुद्रा सुटतो. पूर्वेकडे शत्रू ऊन. ट्रकचा नेहमीचा रंग म्हणजे सिंथेटिक इनॅमल. त्यात रंगाची भुकटी एका राळेने बांधलेली असते. उन्हातील अतिनील किरण ही राळ हळूहळू तोडतात. भुकटी मोकळी होते आणि बोट फिरवले की खडूसारखी हाताला लागते. पांढऱ्या रंगात हे लवकर होते. काही लाल रंग फिके, गुलाबीसर पडतात, क्रोमचा पिवळा काळवंडतो, आणि तांबड्या मातीच्या जातीचे, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे रंग बहुतेक जसेच्या तसे टिकतात. म्हणून जुन्या फाळक्यावर कमळाच्या पाकळ्या विटतात आणि खालचे रेड ऑक्साइड ठणठणीत राहते.

गॅरेजमध्ये अजून ‘डुको मारणे’ म्हणतात. डुको हे अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीच्या, १९२० च्या दशकातल्या, झटपट वाळणाऱ्या रंगाचे नाव. तो रंग इतिहासजमा झाला, शब्द मात्र साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून मिरजेपर्यंत ऐकू येतो. शब्दांचेही थर असतात, हे जाता जाता.

मग असा विटलेला, खडू झालेला रंग राखायचा कसा? येथे मोह असा की काहीतरी लावावे, म्हणजे रंग पुन्हा खुलेल. ओल्या फडक्याने पुसले तर क्षणभर जुने रंग उजळतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा मोह कळेल. परदेशातील हौशी मंडळी जुन्या ट्रकांना उकळलेले जवसाचे तेल चोळतात. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात ते बेलतेल म्हणून मिळते. लावल्यावर गाडी देखणी दिसते यात शंका नाही. काही जण त्याहून पुढे जाऊन वरून पारदर्शक लॅकरचा थर मारतात.

याच मोहाची किंमत महाराष्ट्राने एका फार मोठ्या ठिकाणी मोजली आहे, म्हणून थोडा वेळ ट्रक सोडून अजिंठ्याला जाऊ.

अजिंठ्याची भित्तिचित्रे १८१९ साली इंग्रजांच्या नजरेस पडली. १८४४ पासून रॉबर्ट गिल यांनी तेथे राहून नकला केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांसह नकला करू लागले. त्यांतीलही पुष्कळ १८८५ साली लंडनलाच आगीत गेल्या. नकला गेल्या, पण त्या करताना मूळ चित्रांवर जे लावले गेले ते राहिले. धुरकट चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून भिंतीवर व्हार्निश फिरवले गेले होते. पुढे निजामाच्या सरकारने १९२० ते १९२२ या काळात चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटणारे गिलावे भिंतीला पक्के बसवले, ते काम खरोखर उपकाराचे होते. मात्र चित्रांवर त्यांनी लाखेपासून केलेला शेलॅकही वापरला. त्या काळच्या उत्तम ज्ञानाप्रमाणेच त्यांनी केले. काळाच्या ओघात शेलॅक पिवळा, मग तपकिरी पडला, त्यात धूळ आणि वटवाघळांची घाण अडकली, आणि चित्रांवर काळोख चढला. १९५० च्या दशकात गुंफा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आल्या, तेव्हापासून त्यांच्या रसायनशास्त्रज्ञांच्या पिढ्या तो थर बोटाएवढ्या तुकड्यांत उतरवत आहेत. सातारकरांनी एवढे लक्षात ठेवावे की याच अजिंठ्याच्या चित्रांवर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३२ साली पुस्तक काढले होते. चित्र जाणणारा हा राजा स्वतः चित्रकार होता, आणि त्यांनी १९३८ साली उभारलेले श्रीभवानी संग्रहालय औंधच्या टेकडीवर आजही आहे.

जवसाचे तेल ट्रकवर तेच करते जे शेलॅकने भिंतीवर केले. वर्षभर छान, मग पिवळेपणा, चिकटपणा, धूळ, आणि काही वर्षांनी ते असे घट्ट होते की उतरवू जाता खालचा खडूसारखा रंग सोबत येतो. पारदर्शक लॅकरची गोष्ट आणखी कठीण. पत्रा उन्हात तापला की तो एका मापाने फुगतो आणि वरचा थर दुसऱ्या. खाली गंज राहिला असेल तर लॅकर एखाद्या दिवशी सालपटासारखा निघतो आणि मूळ अक्षरे पाठीला घेऊन जातो. जगभरच्या जतनशास्त्राने यावरून एक कसोटी ठरवली : आज जे लावाल ते उद्या मूळ वस्तूला धक्का न लावता काढता आले पाहिजे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने इमारतींसाठी मूळ सामग्रीचा मान राखण्याची तत्त्वे मांडली. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने, म्हणजे ‘फिव्हा’ने, २०१२ साली ट्यूरिन सनद स्वीकारून तोच विचार वाहनांना लावला. गाडीने सोसलेला वापर आणि केलेले बदल हेही तिच्या इतिहासाचा भाग आहेत, हे त्या सनदेचे सार.

येथे कोणी उलटे उदाहरण देईल. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे शेकडो किलो शेंदराचे कवच २०२२ साली उतरवले आणि आतली रेखीव मूर्ती दिसली. मग ट्रकचेही वरचे थर उतरवून आतला पहिला रंग का काढू नये? प्रश्न रास्त आहे. तेथे खाली पाषाण होता, आणि वरचा शेंदूर त्याहून अगदी वेगळ्या जातीचा. ट्रकवर इनॅमलखाली इनॅमल आहे. वरचे विरघळवणारे थिनर खालचेही विरघळवते. शिवाय ‘दक्षिण सातारा’ शोधताना त्यावरचा तपकिरी राष्ट्रीय परवाना नष्ट करावा का, याचे उत्तर सोपे नाही. पुरातत्त्वात उत्खनन करताना वरचा थर जातोच, म्हणून तो आधी नोंदवतात आणि सबंध टेकाड कधीच खणत नाहीत. ट्रकवरही तसेच करावे. टोकदार पात्याने, भिंग लावून, रुपयाच्या नाण्याएवढी एकच खिडकी उघडावी. थरांच्या कडा पायऱ्यांसारख्या उघड्या ठेवाव्यात, म्हणजे कोणता रंग कोणावर आला ते कळते. त्याहून बरे म्हणजे जेथे पॉलिश पेपर पोचलाच नाही तेथे शोधावे : बिजागरीच्या मागे, नंबरपाटीखाली, डॅशबोर्डच्या आत, दाराच्या जाड कडेवर. पहिला रंग तेथे बसून असतो.

बाकीची कृती साधी आहे आणि कंटाळवाणीही. प्रथम छायाचित्रे घ्यावीत, शेजारी फुटपट्टी ठेवून. एकदा सरळ उजेडात आणि एकदा बाजूने तिरपा टॉर्च धरून. तिरप्या प्रकाशात बुजलेली अक्षरे उंचवट्याच्या सावलीने वाचता येतात, शिलालेखाचा ठसा घेणाऱ्यांना हे माहीत आहेच. मग कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडावी. धुण्याची वेळ आली तर स्वच्छ पाणी, तेही कापसाच्या बोळ्याने, तळहाताएवढा भाग घेऊन, आणि तत्पूर्वी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहून. बोळ्याला रंग लागला तर हात आवरावा. कपडे धुण्याची पावडर, प्रेशरचा पाइप, रबिंग कंपाउंड हे तिन्ही वर्ज्य. डिझेलच्या फडक्याने पुसून चमक आणणे ही गॅरेजची आवडती युक्ती. तिने बसलेला तेलकट थर महिन्याभरात रस्त्याची सगळी धूळ गोळा करतो.

सुटलेले पापुद्रे चिकटवायला संग्रहालयांत पॅरालॉइड बी-७२ नावाची अ‍ॅक्रिलिक राळ पातळ करून, सुईसारख्या ब्रशने कडेखाली सोडतात. ती अ‍ॅसिटोनने पुन्हा विरघळते. शाबूत रंगावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात चालतो. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेने १९५० च्या दशकात या कामासाठी तयार केलेले मिश्रण आजही वापरात आहे. खडू झालेल्या रंगावर मात्र मेणही गडद डाग पाडते, म्हणून तेथे काहीच न लावणे बरे. उघड्या गंजावर टॅनिक आम्लाचा उपाय आहे. टॅनिन म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या हिरड्यात भरपूर असते तेच. ते गंजाशी मिळून काळा, स्थिर थर करते. पण यावरून घरी हिरड्याचा काढा करून दाराला लावू नये. तो काळा डाग शेजारच्या अक्षरांत उतरला तर निघणार नाही. आणखी एक सूचना गंभीरपणे घ्यावी : जुन्या पिवळ्या, केशरी आणि अस्तराच्या रंगांत शिसे असते. कोरडे घासले तर ती भुकटी फुफ्फुसात जाते. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ पासून. जुने ट्रक त्याच्या फार आधीचे.

आणि या सगळ्याहून मोठा उपाय म्हणजे छप्पर. पश्चिमेकडच्या गावात पाऊस अडवणारे, पूर्वेकडच्या गावात ऊन अडवणारे. बाजूंनी वारा खेळता. ताडपत्रीत गच्च गुंडाळलेली गाडी आतल्या आत घामेजते आणि उघड्या गाडीहून लवकर गंजते. चाकांखाली ठोकळे द्यावेत, हौद्यातला कडबा-काडी आणि मडगार्डमधली माती काढावी, पाणी वाहून जाण्याची भोके मोकळी करावीत. रंगाला हात न लावता रंगाचे आयुष्य वाढवणारी ही कामे आहेत.

पुसलेली अक्षरे पुन्हा रंगवून पूर्ण करावीत काय? माझे मत : मूळ दारावर नाही. छायाचित्रावरून दुसऱ्या फळीवर हुबेहूब नक्कल करून घ्यावी, आणि ती हाताने अक्षरे काढणाऱ्या पेंटरकडूनच करून घ्यावी. छापील स्टिकरांनी त्यांचे काम बहुतांशी नेले आहे. जे जुने हात उरले आहेत त्यांना ब्रश कसा धरायचा, सावली कोणत्या बाजूला द्यायची, हे विचारून टिपून ठेवण्यासारखे आहे.

कायद्याकडून या बाबतीत फार आशा नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. पण ही सोय दुचाकी आणि खाजगी मोटारींपुरती. राजेरजवाड्यांची मोटार त्यात बसते. हळदीची पोती वाहणारा फार्गो बसत नाही. दुसरीकडे त्याच वर्षीच्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणाने पंधरा वर्षांवरच्या, तपासणीत नापास होणाऱ्या व्यावसायिक गाड्यांची वाट भंगाराकडे वळवली. हवेच्या दृष्टीने ते योग्य आहे. मात्र ट्रक मोडीत निघतो तो आख्खा, दारे आणि फाळक्यासकट.

सबंध ट्रक ठेवायला जागा आणि पैसा लागतो, तो सर्वांकडे नसतो. दार आणि फाळका मात्र भिंतीला टेकून राहतात. भंगाराच्या आवारात ते सुटे काढून मिळतात आणि त्यांचा भाव लोखंडाच्या वजनाने होतो; लाकडी असतील तर जळणाच्या. वर मोर आहे की काही नाही, याने वजनात फरक पडत नाही. विकत घेताना गाडीचा मेक, इंजिनावरील पट्टीचे छायाचित्र, गाडी कोणत्या गावाहून आली आणि दार डावे की उजवे, एवढे तेथल्या तेथे लिहून घ्यावे. भंगारवाल्याला हे आठवडाभर आठवते, फार तर.